यादीत नाव कोणाचे? विकिपीडिया, आपली संकेतस्थळे आणि विश्वासार्हतेची कसोटी

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळे सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्याच वर्षी ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'ची शताब्दी आहे आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाची. या निमित्ताने देशातले आणि परदेशातले असंख्य लोक महाडचे नाव मोबाईलवर शोधतील. त्यातले बहुतेक जण सर्वांत आधी विकिपीडियाच्या पानावर पोहोचतील. विद्यार्थी तिथून निबंध लिहितील, पत्रकार तिथून बातमीची पार्श्वभूमी घेतील आणि आजकाल प्रश्नांची उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही तिथलाच मजकूर वाचून शिकलेली असतील.

त्या पानाच्या तळाशी दोन छोट्या याद्या असतात. एक 'संदर्भ' आणि दुसरी 'बाह्य दुवे'. याशिवाय वृत्तपत्रांच्या, प्रकाशनांच्या, संकेतस्थळांच्या याद्यांचे स्वतंत्र लेखही विकिपीडियावर असतात. सामान्य वाचक या याद्यांकडे फारसे लक्ष देत नाही. पण एखाद्या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या तळाच्या ओळीच ठरवतात. महाडबद्दल कोण बोलेल? इंग्रजी दैनिके, विद्यापीठांची प्रकाशने, की ज्या समाजाने ते पाणी ओंजळीत घेतले त्या समाजाची स्वतःची माध्यमे?

आंबेडकरी चळवळीची संकेतस्थळे विकिपीडियाच्या यादीतून वगळली गेली की आपल्याकडे लगेच एक प्रतिक्रिया उमटते : 'हा जातीयवाद आहे.' काही वेळा ते खरेही असेल. पण प्रत्येक वेळी तेवढेच म्हणून थांबलो, तर यादी ठरते कशी हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि ती बदलायची कशी हेही कळणार नाही. म्हणून आधी नियम समजून घेऊ.

यादी कोण ठरवते?

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. आज इंग्रजीत सुमारे ७० लाख लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास. हे लेख कोणी पगारी संपादक लिहीत नाहीत. आपल्यासारखेच लोक लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. वाद झाला तर लेखाच्या चर्चा पानावर चर्चा होते आणि त्यातून जे मत ठरेल ते लागू होते.

संकेतस्थळांच्या बाबतीत तीन वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. आपल्याकडे या तिन्हींची गल्लत होते.

पहिला प्रश्न : या संकेतस्थळाचे नाव एखाद्या यादीच्या लेखात घालायचे का? इथे 'उल्लेखनीयता' पाहिली जाते. म्हणजे त्या संकेतस्थळाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा इतरांनी त्याच्याबद्दल सविस्तर काही लिहिले आहे का? विकिपीडिया ही पत्त्यांची डायरी नाही, असे त्याचे धोरण स्पष्ट सांगते. एकेकाळी 'डीमॉझ' नावाची संकेतस्थळांची मोठी सूची होती. स्वयंसेवक ती विषयवार लावत असत. ती २०१७ मध्ये बंद पडली. विकिपीडियाला तसे व्हायचे नाही. त्यामुळे अनेक याद्यांत साधा निकष लावला जातो : ज्याच्यावर स्वतंत्र लेख होऊ शकतो, तेच नाव यादीत.

दुसरा प्रश्न : लेखाच्या शेवटी त्या संकेतस्थळाचा दुवा द्यायचा का? इथे वाचकाला लेखात न मावणारी उपयुक्त माहिती मिळते का, हे पाहतात. लेख एखाद्या संस्थेवर असेल तर तिचे अधिकृत संकेतस्थळ देतात. वैयक्तिक ब्लॉग सहसा टाळतात, मात्र तो त्या विषयातल्या मान्यताप्राप्त जाणकाराचा असेल तर अपवाद असतो. प्रसिद्धीसाठी टाकलेला दुवा काढला जातो. स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा स्वतःच टाकू नये, चर्चा पानावर सुचवावा, अशी अपेक्षा असते.

तिसरा प्रश्न : त्या संकेतस्थळावरचा मजकूर एखाद्या विधानाला आधार म्हणून वापरायचा का? हा विश्वासार्हतेचा प्रश्न आहे. मजकूर कोणी लिहिला, कोणी तपासला, चूक झाल्यास दुरुस्ती होते का, हे इथे पाहिले जाते.

एखादे संकेतस्थळ यादीत बसत नसले तरी संदर्भ म्हणून चालू शकते, आणि प्रसिद्ध असलेले संकेतस्थळ संदर्भ म्हणून नाकारले जाऊ शकते. इंग्रजी विकिपीडियाने २०१७ मध्ये ब्रिटनच्या 'डेली मेल' या प्रचंड खपाच्या दैनिकाचा संदर्भ म्हणून वापर जवळपास बंद केला. मार्च २०२० मध्ये 'ऑपइंडिया' आणि 'स्वराज्य' या भारतीय संकेतस्थळांवर तसाच निर्णय झाला आणि त्यांचे दुवे काळ्या यादीत गेले. म्हणजे खप आणि सत्तेशी जवळीक असली म्हणून इथे प्रवेश मिळतोच असे नाही. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

गोल फिरणारा नियम

मग अडचण कुठे आहे? अडचण पहिल्या प्रश्नात आहे. 'इतरांनी दखल घेतली पाहिजे' हा नियम ऐकायला निःपक्ष वाटतो. पण हे 'इतर' कोण?

ऑगस्ट २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांचा भारतीय माध्यमांतील जातीय प्रतिनिधित्वावरचा अहवाल आला. त्यांनी अभ्यासलेल्या वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळांमधल्या १२१ वरिष्ठ संपादकीय पदांपैकी १०६ पदांवर उच्चजातीय होते. अनुसूचित जाती आणि जमातींतील एकही व्यक्ती त्या पदांवर नव्हती. आता हे दोन धागे जोडून पाहा. ज्या वृत्तकक्षांत आपला माणूस निर्णयाच्या जागी नाही, त्या वृत्तकक्षांनी आपल्या संकेतस्थळावर लेख लिहिला तरच ते 'उल्लेखनीय'. त्यांनी लिहिले नाही तर विकिपीडियावर नाव नाही. विकिपीडियावर नाव नाही म्हणून नव्या पत्रकाराला ते संकेतस्थळ सापडत नाही. सापडत नाही म्हणून तो लिहीत नाही. वर्तुळ पूर्ण झाले, आणि या वर्तुळात कोणालाही उघडपणे जातीयवादी वागावे लागले नाही.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. या नव्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. त्या काळी विकिपीडिया असता आणि कोणी मराठी नियतकालिकांची यादी करायला बसले असते, तर 'मूकनायक'ची स्वतंत्र दखल घेतल्याचा पुरावा कुठून आणला असता? ज्या वृत्तपत्राने पैसे घेऊनही नाव छापले नाही, ते कौतुकाचा लेख छापणार होते का? आजच्या नियमाने 'मूकनायक' त्या वर्षी यादीबाहेर राहिले असते.

आज मात्र 'मूकनायक'चे नाव प्रत्येक यादीत आहे. ते आपोआप आले नाही. कोणीतरी अंक जपले. वसंत मून यांच्या संपादनाखाली 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपात पुन्हा छापले. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्य खर्ची घालून बाबासाहेबांचे अनेक खंडांचे चरित्र लिहिले. एलिनॉर झेलियट यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर संशोधन केले. दखल घेणारे 'इतर' हळूहळू तयार झाले, आणि त्यांना तयार करण्यात आपल्याच माणसांचा मोठा वाटा होता.

नियम सैल करावा का?

काही मित्र सुचवतात की वंचित समाजांच्या संकेतस्थळांसाठी विकिपीडियाने निकष सैल करावेत. आम्हाला हे पटत नाही. दार सैल केले की ते फक्त आपल्यासाठी उघडे राहत नाही. बाबासाहेबांविषयी आणि बौद्ध धम्माविषयी खोटा मजकूर पसरवणारी संकेतस्थळे आपल्यापेक्षा संख्येने आणि पैशाने कितीतरी मोठी आहेत. उद्या तीही त्याच दारातून आत येतील.

कडक नियमाचा आपल्याला फायदाही झाला आहे. जातींविषयीच्या लेखांत ब्रिटिश काळातल्या अधिकाऱ्यांची जातवर्णनाची पुस्तके आधार म्हणून वापरू नयेत, असे मत इंग्रजी विकिपीडियावर बऱ्यापैकी रुजले आहे. त्या पुस्तकांत महारांपासून भटक्या जमातींपर्यंत अनेक समाजांविषयी किती अपमानकारक मजकूर आहे, हे वाचलेल्यांना सांगायला नको. तो मजकूर लेखांतून बाहेर ठेवता येतो तो याच कसोटीमुळे.

दुसरा मार्ग सरकारी दट्ट्याचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडियाला नोटीस पाठवली होती. मजकुरावर आक्षेप असू शकतो, आणि तो घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ज्ञानकोशात काय राहावे हे पोलीस ठाण्यातून ठरू लागले, तर मनुस्मृती दहनाच्या लेखावर उद्या कोणाच्या 'भावना' दुखावतील, याचाही विचार आपण करायला हवा.

म्हणून आमचे म्हणणे असे की नियम सैल करू नका, तो नीट वाचा. विकिपीडियाच्याच धोरणात लिहिले आहे की स्रोताला स्वतःचा दृष्टिकोन असला म्हणून तो अविश्वासार्ह ठरत नाही. तेव्हा 'हे आंबेडकरी संकेतस्थळ आहे, म्हणून पक्षपाती' हा युक्तिवाद त्यांच्याच नियमात बसत नाही. विकिपीडियाने वारंवार चर्चेत आलेल्या स्रोतांची एक यादी ठेवली आहे. त्या यादीत नाव नाही, याचा अर्थ स्रोत वाईट असा होत नाही, हेही तिथेच नमूद आहे. संदर्भ इंग्रजीतच हवा अशी अट नाही, मराठी चालतो. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे अशीही अट नाही, छापील पुस्तक चालते. मोठे म्हणजे विश्वासार्ह आणि लहान म्हणजे संशयास्पद, हा नियम कुठेच लिहिलेला नाही. तो फक्त सवयीने पाळला जातो. आपला आक्षेप या सवयीवर असला पाहिजे.

आता आपले घर पाहू

इतके बोलल्यावर आपल्याही घरात डोकावणे भाग आहे. आपली किती संकेतस्थळे आज तिसऱ्या प्रश्नाला उतरतील?

लेखाखाली लेखकाचे नाव नसते. तारीख नसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला किती लोकांनी धम्मदीक्षा घेतली, याचा आकडा एका ठिकाणी पाच लाख, दुसरीकडे सहा लाख, तिसरीकडे आणखी वेगळा, आणि कुठेही आधार नाही. बाबासाहेबांच्या नावावर अशी वाक्ये फिरतात, जी त्यांच्या कोणत्याही ग्रंथात किंवा भाषणात सापडत नाहीत. भगवान बुद्धांच्या नावावर तर पश्चिमेकडची सुभाषितेही खपवली जातात. कित्येकदा विकिपीडियावरचाच परिच्छेद उचलून आपल्या संकेतस्थळावर चिकटवलेला असतो. मग तेच पान पुन्हा विकिपीडियाला आधार म्हणून कसे चालेल? आणि जयंतीच्या उत्साहात सुरू झालेली संकेतस्थळे वर्षाची फी न भरल्यामुळे बंद पडतात, तेव्हा त्यांच्यासोबत चांगले लेखही नाहीसे होतात.

या चुका आमच्याही हातून झाल्या आहेत. हे लिहिताना आम्ही स्वतःला बाहेर ठेवत नाही.

बाबासाहेबांची पद्धत याच्या नेमकी उलट होती. १९४६ मध्ये आलेला त्यांचा 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ उघडून पाहावा. प्रतिपक्षाचेच ग्रंथ समोर ठेवून, कोणत्या ग्रंथात काय म्हटले आहे ते दाखवत त्यांनी आपले म्हणणे मांडले. निष्कर्ष मान्य नसलेल्यालाही पुरावा तपासून पाहावा लागतो. पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या माणसाचे अनुयायी आधाराशिवाय लिहितात, ही गोष्ट विकिपीडियाच्या नकारापेक्षा जास्त खटकायला हवी.

महापदेसांची शिकवण

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. दीघनिकायातल्या महापरिनिब्बान सुत्तात चार 'महापदेस' येतात. एखादा भिक्खू म्हणाला की मी हे प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, किंवा अमुक संघाकडून, अनेक विद्वान थेरांकडून वा एका थेराकडून ऐकले, तर काय करायचे? त्याचे म्हणणे लगेच स्वीकारू नये आणि लगेच धुडकावूही नये. ते शब्द नीट समजून घ्यावेत, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावेत. जुळले तर घ्यावेत, न जुळले तर सोडावेत.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. बोलणारा किती मोठा आहे, हा निकष नाही. खुद्द भगवंतांचे नाव घेतले तरी तपासणी सुटत नाही. आणि एकटा थेर बोलतो म्हणून त्याचे म्हणणे न ऐकता फेटाळायचेही नाही. कसोटी म्हणण्याची आहे, आसनाची नाही. विकिपीडियाच्या संपादकांना आपण हेच सांगायला हवे, आणि आपल्या संकेतस्थळांवरही हेच पाळायला हवे.

करायचे काय?

शताब्दी वर्ष समोर ठेवून काही साध्या गोष्टी करता येतील.

एक, प्रत्येक लेखावर लेखकाचे नाव आणि तारीख. संपादक कोण, संपर्क कुठे, हे सांगणारे पान. चूक दुरुस्त केली तर लेखाखाली तशी नोंद.

दोन, प्रत्येक अवतरणाला ग्रंथ, खंड आणि पृष्ठ. आधार सापडत नसेल तर ते अवतरण छापायचे नाही, मग ते कितीही आवडते असो.

तीन, जतन. इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये आपल्या संकेतस्थळाची पाने विनामूल्य साठवता येतात. संकेतस्थळ बंद पडले तरी लेख आणि त्याची तारीख तिथे राहते.

चार, ऐकीव इतिहास कागदावर आणणे. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी, जलशांची कवने, वस्त्यांतल्या लढ्यांच्या हकिकती विकिपीडियाला थेट चालत नाहीत. २०११ मध्ये मौखिक आधार स्वीकारता येतील का, याचा प्रयोग भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत झाला होता, पण तो मुख्य धोरण बनला नाही. त्याआधीच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वाट दाखवली होती. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. ज्या स्त्रियांची नावे कोणत्याही यादीत नव्हती, त्यांच्यावर आज ज्ञानकोशात लिहिता येते, कारण आधार तयार झाला. प्रत्येक जिल्ह्यात असे एकेक पुस्तक झाले तर याद्या बदलायला वेळ लागणार नाही.

पाच, एकमेकांची दखल घेणे. आपली संकेतस्थळे आणि नियतकालिके एकमेकांच्या कामाचे परीक्षण करत नाहीत. गटाच्या भिंती आड येतात. कौतुकाची देवाणघेवाण नको, पण गंभीर, टीकात्मक परीक्षण जरूर हवे. 'इतरांनी दखल घेतली पाहिजे' या नियमातले काही 'इतर' आपणही होऊ शकतो.

सहा, स्वतः संपादक होणे. २०१५ पासून एप्रिल महिन्यात 'दलित इतिहास महिना' पाळला जातो. त्या निमित्ताने तरुण-तरुणींनी एकत्र बसून विकिपीडियावर लेख लिहिण्याचे कार्यक्रमही केले आहेत. महाडच्या लेखात आपल्या संकेतस्थळाचा दुवा घुसवून पळून येणे हे संपादन नव्हे. तो दुवा तासाभरात निघतो आणि आपले नाव मात्र प्रचारकांत जमा होते. खैरमोड्यांचा खंड हातात घेऊन एक अचूक वाक्य पृष्ठक्रमांकासह लिहिणारा तरुण जास्त काम करतो.

चावडीवर

मराठी विकिपीडियावर सार्वजनिक चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात. गावच्या चावडीशी आपले नाते काय होते, हे घराघरात ठाऊक आहे. आपल्या पणजोबांना तिथे निरोप पोहोचवायला आणि राबायला बोलावले जाई, पण निर्णयाच्या वेळी ते पायरीखाली उभे असत. यादीत कोणाचे नाव, हे वर बसलेले ठरवत.

या नव्या चावडीवर येताना कोणी जात विचारत नाही. मात्र आधीपासून बसलेल्यांच्या सवयी तिथेही आहेत, आणि न आलेल्यांच्या वतीने तिथे कोणी बोलत नाही. यादी अन्यायाची वाटत असेल, तर तिथे जाऊन बसावे लागेल, नियम वाचावे लागतील आणि पुराव्यानिशी बोलावे लागेल. महाडला आपले लोक पाण्याचा हक्क मागत तळ्याच्या काठावर थांबले नाहीत. १९२३ साली मुंबई विधिमंडळात झालेला सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणि महाड नगरपालिकेचा ठराव त्यांच्या बाजूने होता. नियम त्यांना माहीत होता, म्हणूनच ते ठामपणे पायऱ्या उतरले.

शताब्दीच्या वर्षात महाडच्या पानाखाली कोणाची नावे असतील, हे ठरायला अजून अवकाश आहे. तोवर प्रत्येकाने आपल्या घरातला, विहारातला, वाचनालयातला एक आधार शोधून काढावा.

जय भीम! नमो बुद्धाय!